नदीत मासे मरून वर आले तर: पहिल्या तासापासून हरित न्यायाधिकरणापर्यंत

मासे मेल्याची खबर गावात आधी भोयांना लागते, मग म्हशी धुवायला गेलेल्यांना. मोबाईलवर येईपर्यंत सकाळचे नऊ वाजलेले असतात. दुपारी नदीकाठी गर्दी, संध्याकाळी कुणीतरी मेलेले मासे नेऊन एखाद्या कार्यालयासमोर ओततं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आठवड्याने उत्तर येतं: ‘पाहणीवेळी पाणी सर्वसाधारण आढळले.’ आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते उत्तर बहुतेक वेळा खोटं नसतं. ज्या पाण्याने मासे मारले ते तोवर पुढच्या तालुक्यात गेलेलं असतं.

आमचं गाव पंचगंगेच्या काठी, इचलकरंजीच्या खालच्या अंगाला. वरून कोल्हापूरचा जयंती नाला, मग इचलकरंजीचा काळा ओढा, मधे साखर कारखाने, कापड रंगवणारे प्रोसेसर्स, गावागावांची गटारं. एवढं सगळं पोटात घेऊन नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. 2012 साली इचलकरंजीत काविळीने माणसं दगावली, तेव्हापासून आमच्याकडे पाण्याचा रंग बघायची सवय लागली. हे फक्त आमचंच दुखणं आहे असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 साली देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले 55 महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक.

पहिल्यांदा मासे मेले तेव्हा आम्ही सगळंच चुकवलं. दोनशे फोटो काढले, एकावरही वेळ नाही की जागा नाही. पाणी भरलं ते पिऊन उरलेल्या मिनरल वॉटरच्या बाटलीत, तेही अर्धीच. ती बाटली दोन दिवस गाडीच्या डिकीत उन्हात राहिली. अर्जाची सुरुवात ‘कारखान्याने नदीचा खून केला’ अशी होती आणि पोच घ्यायची राहून गेली. पुढे काहीच झालं नाही, आणि होणारही नव्हतं. त्यानंतर ठेचा खात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो.

आधी खालच्या गावाला फोन

फोटो नंतर. पहिला फोन नदीच्या खालच्या बाजूला जी पहिली पाणीपुरवठा योजना आहे तिच्या ऑपरेटरला करा: ‘जॅकवेलचा पंप बंद कर.’ तो सरपंचाला विचारून सांगतो म्हणेल. मग सरपंचालाही करा. लागोपाठ पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक), आणि पाटबंधारे खात्याचं शाखा कार्यालय. पाटबंधारेवाल्यांना एकच प्रश्न विचारायचा: काल-परवा वरच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेत का? साठून सडलेलं पाणी एकदम खाली सोडलं की मासे मरतात, आणि हे उत्तर नंतर कामाला येतं.

दुसरं, मासे गोळा करणाऱ्यांना थांबवा. टोपल्या भरभरून मासे नेऊन बाजारात विकल्याचं मी पाहिलंय. मासे ऑक्सिजन संपून मेले की विषाने, हे त्या घडीला कुणालाच ठाऊक नसतं. भोयांच्या घरातल्या माणसाने सांगितलं तर लोक ऐकतात. आपण शर्ट-पँटवाल्यांनी सांगितलं तर ‘तुम्हाला काय कळतंय’ असं होतं.

मासे बघून काय कळतं

हा भाग घाईत उरकू नका. कुठलंही यंत्र नसताना सर्वात जास्त माहिती इथेच मिळते.

पंचविसेक अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. माशांसाठी निदान 4 तरी हवा. डिस्टिलरीचा (मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या कारखान्याचा) स्पेंटवॉश म्हणजे सांडपाणी, ज्याला आपण सगळे ‘मळीचं पाणी’ म्हणतो, तो स्वतः माशाला चावत नाही. त्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. ही ओढ ‘बीओडी’ या आकड्यात मोजतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते, तर प्रक्रिया न केलेल्या स्पेंटवॉशची चाळीस-पन्नास हजारांच्या घरात. रात्री सोडलेला एक टँकर पहाटे काय करू शकतो हे यावरून कळेल.

ऑक्सिजन संपून मासे मरतात तेव्हा मोठे मासे आधी जातात. जिवंत असतात ते पृष्ठभागावर तोंड काढून गपागपा हवा घेत असतात. वेळ बहुधा पहाटेची, कारण रात्रभर शेवाळ आणि केंदाळही ऑक्सिजनच वापरतं. मरळ आणि मागूर मात्र तग धरतात. ते वरची हवा घेऊ शकतात. कटला-रोहू उलटे पडलेत आणि मरळ हलते आहे असं दिसलं, तर तेवढं वाक्य वहीत लिहा. प्रयोगशाळेच्या अर्ध्या अहवालाइतकं त्याचं मोल आहे.

विष, ॲसिड किंवा कीटकनाशक असेल तर चित्र वेगळं दिसतं. बोटभर पिल्लं आधी मरतात, मग लहानमोठं सगळंच. सोबत बेडूक, खेकडे, कधी पाणसापही. वेळ दिवसाची कुठलीही.

आणि एक शक्यता आपल्याच माणसांची. ब्लीचिंग पावडर टाकून किंवा जिलेटिन उडवून मासे मारणारे आजही आहेत. 1897 च्या मत्स्य कायद्यापासून हा गुन्हा आहे. थोड्याच टापूत मासे मेलेत आणि वरखाली सगळं ठीक आहे असं दिसलं, तर आधी गावात चौकशी करा. कारखान्याच्या नावाने बोंब मारून मग हे निघालं, तर पुढची पाच वर्षं तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मृगाच्या पहिल्या पावसालाही मासे मरतात. उन्हाळाभर नाल्यांत साठलेला गाळ एकदम नदीत येतो. याला ‘नैसर्गिक’ म्हणून अर्ज निकाली काढतात. तो गाळ नाल्यात कुणी साठवला, हे विचारायचं.

वर चालत जा

आता खरं काम. तिघे जण निघा, एकट्याने जाऊ नका. पायांत गमबूट, हातात काठी, आणि काळोख असेल तर उजाडेपर्यंत थांबा.

मेलेल्या माशांपासून प्रवाहाच्या उलट्या दिशेने चालत राहायचं. शोधायची एकच गोष्ट: मासे जिवंत असलेली पहिली जागा. तिच्यावर नदी ठीक, तिच्याखाली मेलेली, आणि मधे कुठेतरी नाला, पाईप किंवा ओढ्याचं तोंड. या दोन टोकांचे फोटो हा तुमचा सगळ्यात बळकट पुरावा. मेलेल्या माशांच्या ढिगाचा फोटो पेपरवाल्यांना आवडतो, पण तो ढीग वाहत आलेला असतो. त्यावरून दोष कुणाचाच ठरत नाही.

फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं एखादं कॅमेरा ॲप आधीच टाकून ठेवा. प्रत्येक जागेचे तीन फोटो: लांबून (पूल, देऊळ, विजेचा खांब असं काहीतरी ओळखीचं दिसेल असा), मधून आणि जवळून. एक व्हिडिओ न थांबवता काढा. त्यात तोंडाने सांगत जा: ‘आज अमुक तारीख, सहा वाजून दहा मिनिटं, आपण अमुक ओढ्याच्या तोंडाशी आहोत, उजवीकडून येणारं पाणी तांबूस आहे.’ मूळ फाईल मोबाईलमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतली मूळ माहिती निघून जाते.

कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही, कुंपणाला हातही लावायचा नाही. नाला सार्वजनिक आहे, पुरावा नाल्यातच आहे.

पाणी कसं भरायचं

नवी, स्वच्छ दोन लिटरची प्लास्टिकची कॅन. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तीनदा खंगाळायची, पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरायची आणि झाकण पाण्यातच लावायचं. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. कीटकनाशकाचा संशय असेल तर काचेची एक बाटली वेगळी. जागा कमीत कमी तीन: नाल्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी, नाल्याच्या खाली. लेबलवर जागा, वेळ, भरणाऱ्याची सही. थेट बर्फाच्या खोक्यात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत. बीओडीचा नमुना त्यापुढे गेला तर आकड्याला अर्थ राहत नाही. मासाही द्यायचा असेल तर नुकता मेलेला किंवा मरणाच्या टेकीला आलेला, बर्फात. फुगलेला, वास मारणारा मासा कुणी तपासत नाही.

घरोघरी आरओ बसवणाऱ्यांमुळे प्रत्येकाकडे टीडीएस मीटर असतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तो घेऊन येतंच. तो क्षार मोजतो, ऑक्सिजन मोजत नाही. खिशात राहू द्या.

विरघळलेला ऑक्सिजन मात्र जागेवरच मोजावा लागतो. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाशी आधीच ओळख करून ठेवली तर ते दोन रसायनं आणि झाकणाची बाटली देतात. बाटली नदीच्या पाण्याने भरली, दोन्ही रसायनं थोडी थोडी सोडली, झाकण लावून हलवली, की गाळ बसतो. ऑक्सिजन असेल तर गाळ तपकिरी, नसेल तर पांढराशुभ्र. नेमका आकडा नंतर कॉलेजात काढतात, पण त्या पांढऱ्या गाळाचा परिणाम मी पाहिलाय. बंधाऱ्यावर चाळीस माणसं होती. वरच्या पाण्याची बाटली चहासारखी तपकिरी, नाल्याखालची दुधासारखी. दोन्ही बाटल्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. आमच्याशी वाद घालायला आलेला कारखान्याचा सभासदही गप्प बसला.

तुमचा हा नमुना खटल्यात ‘कायदेशीर नमुना’ ठरत नाही, हे आधीच समजून घ्या. जल अधिनियम 1974 च्या कलम 21 प्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन, सील करून घेतलेला नमुनाच तिथे चालतो. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणावर (पर्यावरणाचे दावे चालवणारं खास न्यायालय) पुरावा कायद्याच्या नियमांचं बंधन नाही. तिथे तुमच्या बाटलीचाही विचार होऊ शकतो. शिवाय मंडळाला लवकर हलवायला ती उपयोगी पडते.

पंचनामा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन करा, आणि त्याच मिनिटाला ईमेलही करा. नुसता फोन म्हणजे तक्रार नव्हे. तहसीलदारांनाही कळवा, म्हणजे ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) पंचनाम्याला येतील. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवायचं लोक विसरतात. भोयांचं नुकसान तिथेच नोंदलं जातं. कुणाच्या किती जाळ्यांचं काय गेलं याची यादी त्याच दिवशी करा.

पंचनाम्यात वेळ, जागा, वाऱ्यावरचा वास, पाण्याचा रंग, कोणत्या जातीचे मासे, लहान की मोठे, कुठून कुठपर्यंत, हे सगळं हवं. ‘काही मासे मृत आढळले’ एवढ्यावर सही करू नका. वाचून दाखवायला सांगा, राहिलेलं लिहायला लावा, मग सही. कोरी जागा उरली असेल तर तिच्यावर रेघ मारा. अधिकारी नमुना नदीच्या मधोमध, पुलावरून बादली सोडून घेत असेल, तर नम्रपणे म्हणा: ‘साहेब, एक नमुना नाल्याच्या तोंडाचाही घ्या आणि न घेतल्यास तसं पंचनाम्यात लिहा.’ दुसरा अर्धा भाग ऐकला की बहुधा पहिला होतो.

अर्ज

मराठी अर्जाला ‘वरील विषयास अनुसरून’ची सवय आहे, ती असू द्या. पण पहिल्या परिच्छेदात आरोप नको, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. आमचा अर्ज आता असा असतो:

‘दि. … रोजी पहाटे 5.40 वा. मौजे … येथील बंधाऱ्याच्या वरील बाजूस डाव्या तीरालगत मृत तसेच पृष्ठभागावर येऊन श्वास घेणारे मासे आढळले. पाणी काळपट तांबूस, वास आंबूस व उग्र. सदर ठिकाणापासून सुमारे … मीटर वर … नाल्याचा संगम असून संगमाच्या वरील बाजूस मासे जिवंत आढळले (फोटो क्र. 7 ते 12). तरी विनंती की, (1) नाल्याच्या मुखाशी व नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्या सर्व ठिकाणी कलम 21 प्रमाणे आजच नमुने घ्यावेत. (2) त्यावेळी दोन ग्रामस्थांना उपस्थित राहू द्यावे. (3) पृथक्करण अहवालाची प्रत मिळावी.’

‘सर्व ठिकाणी’ हे शब्द महत्त्वाचे. एकाच कारखान्याचं नाव घातलं की बाकीचे सुटतात, आणि अनेकदा मोठा दोषी शहराचं सांडपाणी असतं. प्रत जिल्हाधिकारी आणि कार्यकारी अभियंता, पाटबंधारे यांना. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का मारणारा जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत बसून राहा.

गावातलं अवघड

इथे कायदा कमी पडतो. ज्या कारखान्याकडे बोट जातं त्याचे सभासद आपणच असतो. ऊस तिथेच जातो, पोरगा तिथेच हंगामी लागलेला असतो, चेअरमन भावकीतला निघतो. ‘कारखाना बंद पडला तर ऊस तुझ्या दारात टाकू का?’ हे मला तोंडावर विचारलं गेलंय, आणि प्रश्न चुकीचा नव्हता.

आम्हाला सापडलेली वाट अशी. एक, ‘कारखाना बंद करा’ ही मागणी कधीच केली नाही. मागणी एवढीच: परवानगीत जे लिहिलंय ते पाळा. डिस्टिलरीने बाहेर थेंबही सोडायचा नाही, असा नियमच आहे. दोन, सभासद म्हणूनच वार्षिक सभेत प्रश्न विचारला: सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या विजेचं बिल महिन्याला किती येतं? प्रकल्प चालू आहे की दाखवायला आहे, हे त्या बिलावरून कळतं. तीन, ग्रामसभेचा ठराव एकट्या गावाचा न ठेवता खालच्या बाजूच्या गावांचेही घेतले. पाच गावांचे ठराव एकाच तारखेच्या आगेमागे गेले की एका माणसाला एकटं पाडून दम देणं अवघड होतं. अर्जावर सही करतानाही हेच: पहिली सही सगळ्यात मोठ्या घरातल्या बाईची घ्या.

माहितीचा अधिकार

पंधरा दिवस थांबा, मग अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्दांच्या आत, म्हणून तक्रार पुन्हा सांगत बसू नका. मागायचं ते कागदाच्या नावाने मागा: त्या तारखेच्या पाहणीचा अहवाल, नमुन्यांचे पृथक्करण अहवाल, दिलेल्या नोटिसा, कारखान्याने मंडळाकडे ठेवलेली बँक हमी जप्त केली असेल तर तिचा आदेश. साखर कारखाने आणि डिस्टिलरी या अतिप्रदूषणकारी 17 प्रकारांत मोडतात. त्यांच्या सांडपाण्याचं ऑनलाइन मोजमाप सतत चालू असलं पाहिजे. त्या आठवड्याची नोंद मागा. यंत्र नेमकं त्याच रात्री ‘बंद’ होतं असं निघालं, तर तेही कागदावर येतं.

चालवण्याचं संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावरच असतं. रोज किती पाणी, कुठे, कशी विल्हेवाट, हे त्यात आकड्यांत लिहिलेलं असतं. ते अर्जाआधी वाचा. जलस्रोतात सोडायच्या पाण्याची बीओडी सर्वसाधारणपणे 30 च्या आत हवी, हा आकडाही पाठ करून ठेवा.

तीस दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील. अपिलाला स्वतः जा.

मंडळाने कलम 33 अ खाली कारखान्याची वीज-पाणी तोडायचे आदेश दिले की गावात फटाके वाजतात. वाजवू नका. थोड्याच दिवसांत सशर्त परवानगीने तो पुन्हा सुरू होतो. त्या अटी काय होत्या, हा तुमचा दुसरा माहिती अर्ज.

पुण्याला

एवढं करून काही हललं नाही, तर हरित न्यायाधिकरण. 2010 च्या कायद्याने ते झालं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क एक हजार रुपये, आणि वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. पहिल्यांदा जात असाल तर मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना वकील मोफत मिळतो. प्रतिवादी म्हणून मंडळ, जिल्हाधिकारी आणि नाल्यात पाणी सोडणाऱ्या संस्था घाला. न्यायाधिकरण अनेकदा संयुक्त समिती नेमून पाहणी करायला लावतं. ती समिती येईल तेव्हा तुमची वही लागेल.

ही वही म्हणजे मासे मेलेले नसतानाची नोंद. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच तीन जागा, तोच कॅमेरा, रंग-वास-ऑक्सिजन. गळीत हंगामाआधी ऑक्टोबरात, ऐन हंगामात फेब्रुवारीत, मे महिन्यात आणि पहिल्या पावसानंतर, निदान एवढं चार वेळा तरी. ‘नदी आधीपासूनच अशी होती’ या बचावाला दुसरं उत्तर नाही.

शेवटी मुदत. वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल व्हायला हवा. फार तर आणखी साठ दिवसांची सवलत, तीही सबळ कारण पटवून दिलं तर. माहिती अधिकार, अपील, बैठका, आश्वासनं यांत सहा महिने कसे जातात ते कळत नाही. आमचा एक अर्ज असाच गेला. मोजणी लॅबच्या अहवालापासून करू नका, पंचनाम्यावर जी तारीख आहे तिच्यापासून करा, आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.